द्वारदर्शनाआधीचे दिवस

खानदेशात माणूस गेल्यानंतर त्याच्या घराला एकटे पडू दिले जात नाही, ही या प्रदेशाची जुनी आणि बऱ्याच अंशी आजही टिकून असलेली रीत आहे. धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यात, सुरत-भुसावळ लोहमार्गावर वसलेल्या आणि मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या दोंडाईचा शहरात निधनाची बातमी मोबाइलवरून फिरली, की थोड्याच वेळात भाऊबंद ओट्यावर जमतात, कोणी तिरडीच्या तयारीला लागतो, कोणी बाहेरगावच्या लेकीबाळींना फोन लावत बसतो, सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारून चहा-भाकर येते, आणि पुढचे दहा-तेरा दिवस ‘दारवर’ येणाऱ्यांची रीघ सुरू राहते. निधनवार्तेत ज्याला द्वारदर्शन म्हटले जाते ते हेच सांत्वनाचे येणे-जाणे. त्यानंतर दशक्रिया, मग छापील पत्रिका पाठवून बोलावलेली गंधमुक्ती आणि उत्तरकार्य असा क्रम ठरलेला असतो. व्यापारी समाजांत त्याच्या जागी उठावणा असतो, मुस्लिम कुटुंबांत जनाजा, जियारत आणि विधवेसाठी चार महिने दहा दिवसांची इद्दत असते. नावे निराळी असली, तरी शोकाला ठरावीक मुदत आणि ठरावीक माणसे नेमून देण्याची समज सगळीकडे सारखीच दिसते.

ही सारी व्यवस्था श्वास थांबल्यानंतर जागी होते. त्याआधीचे जे दिवस, आठवडे किंवा कधी कधी महिने असतात, त्यांच्यासाठी अशी कोणतीही रीत नाही. कर्करोग हाताबाहेर गेलेला रुग्ण, मूत्रपिंडे निकामी झालेला मधुमेही किंवा पक्षाघाताने खाटेला खिळलेली वृद्धा यांच्या बाबतीत धुळे, नाशिक, सुरत किंवा मुंबईच्या डॉक्टरांनी ‘आता घरी घेऊन जा’ असे सांगितले, की त्या एका वाक्यानंतर घरी नेमके काय करायचे हे फारसे कोणी समजावून सांगत नाही. भेटायला येणारे फळांची पिशवी ठेवतात, ‘काळजी करू नका, बरं होईल’ म्हणतात आणि निघून जातात. प्रत्यक्षात घराचा शोक तेव्हाच सुरू झालेला असतो. होऊ घातलेल्या वियोगाचे हे दुःख मृत्यूआधीच मनाला व्यापू लागते. मानसशास्त्रात त्याला पूर्वशोक म्हणतात. रात्री उठून कूस बदलणारी सून, औषधांसाठी उसनवारी करणारा मुलगा आणि आतल्या खोलीत गप्प बसलेली पत्नी हे तिघेही शोकग्रस्तच असतात. त्यांच्या दारवर मात्र अजून कोणी आलेले नसते.

या रिकाम्या काळाला हात घालणारी वैद्यकाची शाखा म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, मराठीत उपशामक सेवा. रोग बरा होण्याची शक्यता कमी झाली किंवा संपली, तरी वेदना, धाप, मळमळ, जखमा आणि भीती यांवर इलाज करत राहणे आणि रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबालाही उपचाराचा भाग मानणे, अशी तिची थोडक्यात व्याख्या करता येईल. इंग्लंडमध्ये आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झालेल्या सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. मरणासन्न माणसाचे दुखणे केवळ शरीराचे नसते. त्यात कर्जाची चिंता, लेकरांची काळजी आणि ‘हे माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्नही मिसळलेला असतो, या त्यांच्या विचाराने पुढे या शाखेला दिशा दिली. भारतातील पहिले हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या काळातील रुग्णांसाठीचे शुश्रूषागृह, महाराष्ट्रातच उभे राहिले, कर्करोग-शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसूझा यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे शांती आवेदना सदन सुरू झाले. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला संस्थेचे उपशामक सेवा व प्रशिक्षण केंद्र चालते. तिथे रुग्णाला विनामूल्य सेवा मिळते आणि त्याची काळजी घेणाऱ्या नातेवाइकालाही सोबत राहून शुश्रूषेचे काम शिकता येते.

मुंबई-पुण्याच्या या संस्था दोंडाईचापासून शेकडो किलोमीटर दूर आहेत, आणि अखेरच्या दिवसांतला रुग्ण इतका प्रवास करू शकत नाही; किंबहुना त्याने तो करूही नये. म्हणूनच केरळचा अनुभव इथे अधिक उपयोगाचा ठरतो. कोळिकोड येथे १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या कामातून पुढे गावोगावी स्वयंसेवकांचे जाळे विणले गेले. शेजारपाजारच्या शिक्षकांनी, दुकानदारांनी आणि गृहिणींनी थोडेसे प्रशिक्षण घेऊन आठवड्यातले काही तास अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी द्यायचे, परिचारिकेने नियमित भेट द्यायची आणि डॉक्टरने गरजेनुसार यायचे, अशी ती रचना. केरळ सरकारने २००८ मध्ये या कामासाठी धोरण आखले, महाराष्ट्राने २०१२ मध्ये आणि त्याच वर्षी केंद्राने राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला. आता आयुष्मान आरोग्य मंदिरांतून द्यावयाच्या बारा सेवांमध्ये वृद्धांची व उपशामक सेवा कागदावर समाविष्ट आहे. कागद आणि खाट यांच्यातले अंतर आशा कार्यकर्ती आणि आरोग्यसेविका यांनी चालून काढायचे, असे गृहीत धरलेले दिसते, आणि या दोघींवर आधीच किती कामे लादलेली आहेत हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही दारवर जाण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवणारा, तालुका ओलांडून येणारा समाज ज्या प्रदेशात आहे, तिथे केरळसारखे स्वयंसेवक मिळणार नाहीत असे म्हणण्यास आधार नाही. माणसे आहेत, ती उशिरा येतात, एवढेच.

लवकर येऊन करायचे काय, याचे पहिले उत्तर वेदनेशी संबंधित आहे. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यावयाची मॉर्फिनची गोळी हे स्वस्त आणि परिणामकारक औषध असून, योग्य मात्रेत दिल्यास असह्य धापही तिने कमी होते. परंतु अफूपासून बनत असल्यामुळे १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने तिच्याभोवती परवान्यांची इतकी कुंपणे उभी केली, की अनेक रुग्णालयांनी ती ठेवणेच सोडून दिले. संसदेने २०१४ मध्ये या कायद्यात दुरुस्ती करून मॉर्फिनसह काही औषधांना आवश्यक अंमली औषधांचा वेगळा दर्जा दिला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी देशभर एकसारखे नियम आणण्याची वाट मोकळी केली. कायद्याचा अडसर कमी झाला तरी भीतीचा अडसर शिल्लक आहे. मॉर्फिन म्हणजे शेवटची सुई, ती दिली की माणूस जातो, असा समज घरच्यांत असतो आणि काही डॉक्टरांतही. रात्रभर कण्हणारा बाप पाहिलेल्या मुलाच्या मनात ते कण्हणे पुढे वर्षानुवर्षे राहते. त्यामुळे रुग्णाची वेदना आवरणे ही कुटुंबाच्या भावी शोकावरचीही पहिली मलमपट्टी ठरते.

दुसरे उत्तर अधिक अवघड आहे, कारण ते बोलण्याशी संबंधित आहे. खानदेशात, आणि खरे तर महाराष्ट्रभर, डॉक्टरला बाजूला घेऊन ‘त्यांना सांगू नका’ अशी विनंती करणे हे मायेचे लक्षण मानले जाते. रुग्णाला बहुधा सारे कळलेले असते. तोही घरच्यांना त्रास नको म्हणून गप्प राहतो, आणि एकाच खोलीत दोन्ही बाजू एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत बसतात. याची किंमत नंतर मोजावी लागते. शेतीची वाटणी, कोणाला दिलेले उसने पैसे, धाकटीच्या लग्नाविषयीची इच्छा, एखाद्या भावाशी तुटलेले बोलणे, हे सगळे न बोलताच राहून जाते. सत्य सांगण्याचा अर्थ ते तोंडावर फेकणे असा नव्हे. वाईट बातमी देण्याची जी पद्धत आता वैद्यकीय शिक्षणात शिकवली जाते, तिच्यात बसून, शांत जागी, आधी समोरच्याला काय ठाऊक आहे आणि किती जाणून घ्यायचे आहे हे विचारणे, मग सोप्या शब्दांत थोडे थोडे सांगणे, रडू आल्यास थांबणे आणि शेवटी पुढे काय करता येईल हे एकत्र ठरवणे, असा क्रम असतो. यातले बसणे आणि थांबणे या दोन गोष्टींना काहीही खर्च येत नाही, तरी गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात त्याच सर्वांत दुर्मीळ असतात.

शेवटच्या काही दिवसांत शरीरात काय घडते याची माहिती कुटुंबाला आधी दिली, तर भीतीचा मोठा भाग ओसरतो. भूक आणि तहान मंदावते, झोप वाढते, हातपाय गार पडतात, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो, आणि घशातील स्राव गिळता न आल्याने घरघर ऐकू येते. ही घरघर पाहणाऱ्याला भयंकर वाटते. अर्धवट शुद्धीतल्या रुग्णाला मात्र तिचा त्रास बहुधा होत नसतो, आणि कुशीवर वळवल्याने ती कमीही होते. सर्वाधिक ताण जेवणावरून निर्माण होतो, कारण आपल्याकडे काळजी म्हणजे खाऊ घालणे, आणि न खाणारा माणूस उपाशी मरतो आहे या विचाराने बायका बळेच पेज भरवतात. ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. माणूस न जेवल्यामुळे मरत नसून मृत्यू जवळ आल्यामुळे त्याची भूक गेलेली आहे, हे परिचारिकेने एकदा समजावून सांगितले, तर सुनेच्या मनातली अपराधाची टोचणी टळू शकते. ओठ ओल्या फडक्याने टिपणे, तोंड स्वच्छ ठेवणे, तळपायाला तेल लावणे आणि उशाशी नेहमीच्या आवाजात बोलत राहणे एवढे करता येते. परंपरेत तुळशीपत्र आणि गंगेच्या पाण्याचा थेंब ओठांवर ठेवतात. ते थेंबापुरते राहिले, तर त्यात वैद्यकाला आक्षेपार्ह असे काही नाही.

जवळ असता येणे हा या साऱ्याचा गाभा आहे, आणि नेमके तेच अनेक खानदेशी कुटुंबांच्या हातात नसते. सुरतेच्या उधना, लिंबायत भागांतील कारखान्यांत आणि यंत्रमागांवर खानदेशातून गेलेल्या हजारो कुटुंबांचे पोट आहे. गावी आई अखेरच्या घटका मोजत असताना मुलगा तापी खोऱ्यातल्या गाडीत बसलेला असणे ही इथली नेहमीची वस्तुस्थिती आहे. अमळनेरच्या शाळेत शिक्षक असलेल्या साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या पुस्तकाकडे संस्कारांचे पुस्तक म्हणून पाहिले जाते. पण आईची अखेरची भेट हुकलेल्या मुलाने, तिच्या १९१७ मधील मृत्यूनंतर सोळा वर्षांनी केलेला शोक म्हणूनही ते वाचता येते. करोनाच्या साथीत ही हुकलेली भेट घरोघरी पोहोचली. केंद्र सरकारच्या मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मृतदेहाच्या पिशवीची चेहऱ्याकडची बाजू उघडून नातेवाइकांना अंतिम दर्शन देण्याची मुभा होती, अस्थी गोळा करण्यात धोका नसल्याचेही त्यात नमूद होते. भीतीपोटी अनेक ठिकाणी तेवढेही घडू दिले गेले नाही. जळगावच्या शासकीय रुग्णालयात जून २०२० मध्ये त्याहून भयंकर प्रकार उघड झाला. बेपत्ता असल्याचे घरच्यांना सांगितले गेलेली ८२ वर्षांची करोनाबाधित वृद्धा काही दिवसांनी तिथल्याच स्वच्छतागृहात मृतावस्थेत आढळली आणि अधिष्ठात्यांसह काहींवर निलंबनाची कारवाई झाली. त्या प्रकरणात रुग्णाचे काय झाले हे त्याच्या माणसांना सांगणे ही कोणाचीच जबाबदारी नव्हती, ही गोष्ट अधिक बोचणारी आहे.

मृत्यूनंतरच्या सांत्वनाची रीत भक्कम असली, तरी ती निर्दोष नाही. दारवर येणारा माणूस प्रत्येक वेळी ‘कसं झालं?’ विचारतो आणि घरच्यांना तीच कहाणी दिवसातून वीस वेळा सांगावी लागते. काहींना असे सांगून मन मोकळे झाल्याचा अनुभव येतो, काहींना ती शिक्षा वाटते, आणि येणाऱ्याने समोरच्याचा चेहरा पाहून ते ओळखायला हवे. ‘देवालाही चांगली माणसं लागतात’, ‘वय झालंच होतं’, ‘आता लेकरांकडे बघ, रडू नको’ ही वाक्ये सद्भावनेने म्हटली जात असली, तरी त्यांचा परिणाम शोक आवरता घ्या असा हुकूम दिल्यासारखा होतो. गेलेल्याचे नाव घेऊन त्याची एखादी आठवण सांगणे आणि मग गप्प बसणे हे त्याहून अधिक उपयोगी पडते. जुन्या बायका गळ्यात गळा घालून, मृताचे गुण गात जो टाहो फोडत, त्याला शिकलेल्या घरांत आता गावंढळ मानले जाते. पुरुषांना तर ती मोकळीक कधीच नव्हती. उत्तरकार्याच्या पंगतीसाठी उपचारात आधीच कर्जबाजारी झालेल्या घराने आणखी कर्ज काढणे ही दुसरी विकृती, आणि तिच्याबद्दल समाजात कुजबुज बरीच असली तरी पहिली पंगत कोणी बंद करायची यावर सगळे अडते.

विधवेच्या बाबतीत तर सांत्वनाचे रूपांतर उघड क्रौर्यात होते. बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, जोडवी आणि मंगळसूत्र काढून घेणे हे सारे तिच्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट दिवशी, इतर बायकांच्या हातून, लोकांसमोर केले जाते. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी तरुण वयात विधवा झाल्या. शेतात आणि जात्यावर रचलेल्या त्यांच्या गाण्यांत, जी त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली, वैधव्याचे दुःख आहे आणि कीव करू पाहणाऱ्या जगाला दिलेले खणखणीत उत्तरही आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसे करण्याचे आवाहन केले. ठरावाने प्रथा एका दिवसात मरत नाही. पण अंत्यविधीच्या वेळी ‘बांगड्या राहू द्या’ असे म्हणणाऱ्या नणंदेला किंवा दिराला आता आधारासाठी बोट ठेवायला एक कागद मिळाला आहे.

शोकाच्या पाच पायऱ्यांची कल्पना आता वर्तमानपत्रांतूनही ओळखीची झाली आहे. नकार, राग, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार या त्या पायऱ्या एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडल्या त्या मुळात मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांच्या मुलाखतींवरून, मागे राहिलेल्यांवरून नव्हेत; शोक करणारा प्रत्येक जण त्या ओळीने चढतो असे पुढच्या अभ्यासांत दिसले नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलेले चित्र अधिक पटणारे आहे: माणूस कधी दुःखात बुडतो, कधी दूध काढणे, पेरणी, मुलांची फी यांत गुंततो, आणि या दोहोंमधले हेलकावे हीच सावरण्याची रीत असते. म्हणूनच तेराव्याच्या आत शेतावर गेलेल्या मुलाला निर्दय म्हणणे चूक, आणि सहा महिन्यांनी अचानक रडू फुटलेल्या आईला कमकुवत म्हणणेही चूक. गेलेल्याशी नाते तोडून टाकणे म्हणजे सावरणे, ही पाश्चात्त्य मानसशास्त्राची जुनी समजूतही १९९० च्या दशकात मागे पडली. खानदेशाला ते नव्याने शिकावे लागले नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरून, पुरणपोळी आणि आंब्याच्या रसाचा नैवेद्य करून चुलीत आगारी टाकणाऱ्या घरात मृतांशी असलेले नाते दरवर्षी उन्हाळ्यात नूतन होतच असते. मात्र काहींचा शोक वेळ जाऊनही तिळमात्र हलत नाही, जेवणखाण आणि कामधंदा कायमचा विस्कटतो. अशा दीर्घकाळ लांबलेल्या शोकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात आता स्वतंत्र स्थान आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ ही अवस्था टिकल्यास उपचारांची गरज असल्याचे मानले जाते.

आत्महत्येने झालेला मृत्यू हा शोकाचा आणखी कठीण प्रकार, कारण त्यात लाज, संशय आणि पोलिसी चौकशी मिसळते, आणि दारवर येणारे थोडे कमी होतात. दोंडाईचाजवळच्या विखरण येथील वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी वीज प्रकल्पासाठी संपादित झालेल्या जमिनीच्या अपुऱ्या मोबदल्याविरुद्ध दाद मागताना जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात टोकाचे पाऊल उचलले आणि २८ जानेवारीला मुंबईत त्यांचा मृत्यू झाला. लेखी आश्वासन मिळेपर्यंत कुटुंबाने मृतदेह स्वीकारण्यास नकार दिला. त्या काळात सांत्वनाला येणाऱ्या पुढाऱ्यांची वाण नव्हती. पण ज्या मृत्यूच्या मुळाशी अन्याय असतो, तिथे सांत्वन न्यायाची जागा घेऊ शकत नाही, आणि तसा आव आणल्यास घाव अधिक चिघळतो. अशा घरांतील कोणाच्या मनात तेच विचार येऊ लागल्यास १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येते.

उपचार कुठवर करायचे याचा निर्णय हीसुद्धा कुटुंबाच्या छातीवर बसणारी धोंड असते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत अंथरुणावर होत्या आणि तिथल्या परिचारिकांनी चार दशके त्यांना सांभाळले. त्यांच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दयामरणाची मागणी फेटाळताना निर्णयाचा अधिकार अर्ज करणाऱ्या लेखिकेऐवजी त्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा मानला. रक्तापेक्षा शुश्रूषेने जडलेल्या नात्याला न्यायालयाने दिलेली ही मान्यता फार कमी लोकांच्या लक्षात राहिली. पुढे ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि वैद्यकीय इच्छापत्र यांना मान्यता मिळाली; बरे होण्याची आशा संपल्यावर कृत्रिम उपायांनी आयुष्य लांबवू नये, असे शुद्धीवर असताना लिहून ठेवलेले हे पत्र असते. जानेवारी २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सोपी झाली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही, एवढे पुरते. त्याची एक प्रत स्थानिक संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जपून ठेवायची असते, म्हणजे दोंडाईचा-वरवाडे नगरपरिषदेच्या हद्दीत ते काम नगरपरिषदेचे, खेड्यात ग्रामपंचायतीचे.

मृत्यूनंतरची कागदपत्रेही अशीच कोणाच्या तरी सोबतीची वाट पाहतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते. घरी मृत्यू झाला असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवण्याचा अधिकार खासगी रुग्णालयाला नाही, हे राज्याच्या २०२१ च्या सुधारित नियमांत आले आहे. सातबाऱ्यावर वारस लावण्यासाठी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायचे असते. दारिद्र्यरेषेखालील घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता गेल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २० हजार रुपये मिळू शकतात, आणि निराधार विधवेला संजय गांधी योजनेचे मासिक अनुदान. मात्र त्यासाठी दाखले जमवावे लागतात, बँकेत उभे राहावे लागते आणि फेऱ्या माराव्या लागतात. ही कामे बहुधा गंधमुक्तीनंतर, मंडप उतरल्यावर आणि पाहुणे गेल्यावर सुरू होतात, आणि तेव्हा नवऱ्याच्या पासबुकाला कधी हातही न लावलेल्या बाईबरोबर शिंदखेड्याच्या बसमध्ये चढायला भावकीतला एखादा मोकळा माणूस पुरेसा असतो.